प्रमोदिनीचा पोर्शन

३ डिसेंबर १९९४, शनिवार. संध्याकाळी ७.
मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून आत्ताच भिवंडीला परत. कशेळीच्या पुलावर एसटी अडकली होती. तरीही दिवस सत्कारणी.
सहा वर्षं हिचं, म्हणजे आमच्या प्रमोदिनीचं, अंग दुखतंय. मान, खांदे, कंबर, गुडघे, विचाराल ती जागा. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल. मी पहिल्यापासून सांगत आलोय, नॉर्मल म्हणजे नॉर्मल, त्यात दुखायचं काय? आज नव्या डॉक्टरीणबाईंनी बोटाने ठिकठिकाणी दाबून पाहिलं, दर वेळी हिने 'आई गं' म्हटलं, आणि रोगाला नाव मिळालं. फायब्रोमायाल्जिया. स्पेलिंग लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, हाडं-सांधे शाबूत आहेत, पण दुखणं खरं आहे. (असं म्हणावं लागतं. आम्हीही पालकांना सांगतो, मुलगा हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही.)
ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही. झोपताना एक छोटी गोळी. मुख्य इलाज दोन. व्यायाम आणि शिक्षण.
शिक्षण! चोवीस वर्षं मी दुसरं काय करतोय?
मग बाईंनी पेशंटांचा क्लास घेतला. आवाज बरा, फळ्यावरचं अक्षर बेताचं. त्यानंतर 'घरच्या माणसांसाठी' वेगळा तास होता. तो आपल्याला लागू नाही असं समजून कँटीनला गेलो. बटाटेवडा चांगला होता.
परतताना पुलावर गाडी थांबलेली असताना हिने विचारलं, "तुम्हाला खरं वाटतं का, मला दुखतं ते?"
मी म्हटलं, आधी आपण विषय नीट समजून घेऊ. ती खाडीकडे बघत बसली. थकली असावी.

४ डिसेंबर, रविवार.
सुनीतीच्या सासऱ्यांची, दत्तोपंतांची, कल्याणहून स्वारी. पोरीला दिवस गेलेत, एप्रिलची तारीख. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. पण दत्तोपंत चहाचा कप फिरवत फिरवत म्हणाले, विहीणबाईंना झेपत नसेल तर आमच्याकडेच करू, आमच्याकडची माणसं धडधाकट आहेत.
धडधाकट! शब्द असा झोंबला म्हणून सांगू! मी छातीठोक सांगितलं, फेब्रुवारीत पोरीला आणून सोडा, तोवर आमची ही ठणठणीत. आत भांडं पडल्याचा आवाज आला.
ते गेल्यावर आत गेलो तर ही रडत होती. पातेलं उचलता उचलता हातातून सुटतं, उद्या बाळ सुटलं तर काय करू, म्हणाली. मी म्हटलं, वेड्यासारखं काय बोलतेस, वेळ भरपूर आहे. पोर्शन वेळेत संपवणं हा माझा हातखंडा. दहावीचा भूगोल दिवाळीच्या आत संपवतो, शिवाय रिव्हिजन.

५ डिसेंबर, सोमवार.
नियोजन तयार. डिसेंबर: सूर्यनमस्कार. जानेवारी: कोन गावापर्यंत चालत जाऊन येणे. फेब्रुवारी: रिव्हिजन. बैठकीत शाळेतला जुना फळा टांगला. हेडमास्तरांना विचारायचं राहिलं.
स्वतःसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणि शिट्टी आणली. प्रशिक्षक तयारीत दिसला पाहिजे. मीही रोज बरोबर चालणार आहे. पोटही जरा आत जाईल.

६ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ७.
पहिला तास यशस्वी. शिट्टी वाजवली तेव्हा भिंतीपलीकडच्या मोहिउद्दीनशेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यातून दोन कामगार डबे घेऊन बाहेर आले. शिफ्ट सुटली असं वाटलं त्यांना. परत पाठवलं.
सूर्यनमस्कार एक डझन. मी दोन करून दाखवले, उरलेले तोंडी सांगितले. हिने सगळे पुरे केले. शेवटी ओठ पांढरे पडले होते, पण तोंडातून अवाक्षर नाही. शिस्त आली की कुरकुर जाते, हे सिद्ध झालं.

८ डिसेंबर, गुरुवार.
ही परवापासून अंथरुणात. कूस बदलायची तर आधी श्वास धरते. गुणाबाई भांडी घासायला आली ती दारातूनच मला म्हणाली, सर, बायला उठवत न्हाय, भाकऱ्या कोन करनार हाय? बोलण्याची काही पद्धत असते. मिसळ खाऊन शाळेत गेलो.
पहिल्या आठवड्यात गळती व्हायचीच. आमच्या शाळेतही होते.

१० डिसेंबर, शनिवार.
काल शुक्रवार, लूमना सुट्टी. ही रात्रभर जागी. मलाही झोप नव्हती. दर शुक्रवारचं हे. मी जोडलेला संबंध असा: शुक्रवारचा उपवास, चणे-गूळ, पोटात गॅस. चणे बंद करायला सांगितलं.

१८ डिसेंबर, रविवार.
व्यायाम तात्पुरता स्थगित, म्हणून शिक्षणावर भर. आठवडाभर फळ्यावर 'वेदना: कारणे व प्रकार' शिकवलं. आज लेखी चाचणी घेतली. निकाल निराशाजनक. 'वेदना म्हणजे काय, सविस्तर लिहा' या प्रश्नाला हिने लिहिलंय: उद्या सकाळी कणीक तुम्ही मळा, मग सांगते.
उत्तर विषयाला सोडून आहे. शून्य दिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

१९ डिसेंबर, सोमवार.
मुद्दाम कणीक मळली. बोटांना चिकटते. हा विषय आपल्याकडून बंद.

७ जानेवारी १९९५, शनिवार.
हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईंनी सूर्यनमस्कारांचं ऐकलं आणि विचारलं, कोणी सांगितलं होतं हे? हिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.
बाईंचं म्हणणं: अगदी थोड्यापासून सुरू करा, रोज करा, हळूहळू वाढवा. अंग हलकं वाटलं म्हणून एखाद्या दिवशी दुप्पट करायचं नाही आणि दुखतंय म्हणून पूर्ण सोडायचंही नाही. कामं मधे मधे बसून करा, घरात वाटून घ्या. झोप नीट झाली पाहिजे. मी विचारलं, या हिशेबाने पोर्शन संपणार कधी? त्या म्हणाल्या, संपत नाही, सर.
असली शिक्षणपद्धती मी प्रथमच ऐकतोय. बोर्ड एक दिवस चालणार नाही.
घरच्या माणसांच्या तासाला आज थांबणार होतो. पण एसटी चुकली असती.

९ जानेवारी, सोमवार.
झोपेवर विचार केला आणि कारण चुटकीसरशी सापडलं. लूम! रात्रंदिवस ही खटखट. असल्या आवाजात धडधाकट माणूस आजारी पडेल.
संध्याकाळी मोहिउद्दीनशेठकडे गेलो. चार पिढ्या इथलेच, मराठी माझ्याहून गोड. म्हणाले, मास्तर, वहिनींच्या तब्येतीपुढे लूमचं काय घेऊन बसलात? तसंही सूत महाग झालंय, आठवडाभर कारखानाच बंद ठेवतो. शेजारी असावा तर असा.

१० जानेवारी, मंगळवार.
कालपासून लूम बंद. काय शांतता! घड्याळाची टिकटिक ऐकू येते. रात्रभर ऐकत होतो.

१२ जानेवारी, गुरुवार.
नववी 'ब'ला नकाशा भरायला देऊन क्षणभर डोळे मिटले. तास संपल्यावर शिपायाने उठवलं. पोरं केव्हाच पसार. ही तीन रात्री टक्क जागी आणि अंग ठणकतंय. अख्ख्या गल्लीचे डोळे लाल. नळावर बायकांची भांडणं वाढलीत. साथ आली असावी.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.
ही काल परस्पर मोहिउद्दीनशेठच्या घरी गेली आणि त्यांच्या पत्नीला, हबीबाबींना, म्हणाली, पाया पडते, पण लूम चालू करा. शेठ मला दारात गाठून हसत म्हणाले, "मास्तर, भिवंडीत एकदम शांत झालं की माणूस झोपत नाही, दचकून उठतो. काहीतरी बिनसलंय असं वाटतं त्याला."
आज दुपारपासून खटखट सुरू. दुपारीच दोघंही गाढ झोपलो. उठलो तेव्हा तिळगूळ मागायला आलेली मंडळी बाहेरून परत गेली होती. प्रयोग फसला असं म्हणता येणार नाही. आवाज हे औषध आहे हा शोध माझ्या प्रयोगातूनच लागला.

१६ जानेवारी, सोमवार.
नवीन खूळ. हबीबाबींना गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय म्हणे. दोघींनी मिळून चालायचं ठरवलंय. कुठवर? तर आमच्या दारापासून त्यांच्या ओट्यापर्यंत आणि परत. हसू आवरलं नाही. याला चालणं म्हणतात? एवढं तर मी रोज दुधाला जातो. (सध्या गुणाबाई आणते.)
मीही जाणार होतो. थंडी बोचरी आहे.

२४ जानेवारी, मंगळवार.
ओटा सोडून आता गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. माझे बूट नवे असल्याने चावतील, म्हणून थांबलोय.
हिची आणखी एक तऱ्हा. दोन भाकऱ्या झाल्या की स्टुलावर बसते, मग पुढच्या दोन. भांडी, केर, कणीक गुणाबाईकडे दिली. मला विचारून नाही. पाणी भरणं माझ्याकडे दिलं, तेही मला विचारून नाही. आळस म्हणावा तर संध्याकाळपर्यंत कामं उरकलेली असतात. चमत्कारिक आहे.

५ फेब्रुवारी, रविवार.
रमजान सुरू झाला. हबीबाबी सेहरीला उठलेल्याच असतात, त्यामुळे दोघी आता पहाटेच्या नमाजानंतर लगेच निघतात. सोमवारपासून मी नक्की जाणार होतो, पण या वेळेला जमणं शक्य नाही. ईदनंतर बघू.

१२ फेब्रुवारी, रविवार.
दत्तोपंत सुनीतीला आणून सोडून गेले. ही हसतमुखाने दारात उभी होती, भाकरतुकडा ओवाळला. दत्तोपंत बघतच राहिले. मी म्हटलं, बघा, म्हणालो नव्हतो? त्यांना फळा दाखवला. फळ्यावर सुनीतीच्या डोहाळजेवणाची यादी होती. पुसायची राहिली.

२१ फेब्रुवारी, मंगळवार.
हिचा आज वाईट दिवस. उठताना भिंत धरावी लागली. मी म्हटलं, बघ, तुझी पद्धत फसली, उद्यापासून माझं नियोजन. ही चपला घालून हबीबाबींच्या ओट्यापर्यंत गेली, तिथे टेकली आणि परत आली. मग पडून राहिली.
सुनीती मला म्हणाली, बाबा, आईला खूप दुखतंय आज. मी म्हटलं, अगं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. नॉर्मल म्हणजे नॉर्मल. पोरगी उठून आईशेजारी जाऊन बसली. या दिवसांत मुली हळव्या होतात.

५ मार्च, रविवार.
ईदचा शीरखुर्मा आला. दोन वाट्या खाल्ल्या, चालण्यासाठी अंगात ताकद हवी.
दोघी आता वऱ्हाळदेवीच्या तळ्यापर्यंत जातात. तळ्यावर बसून गप्पा मारतात, सासरच्यांची आणि माझी उणीदुणी काढतात, असा माझा कयास. हबीबाबींनी विचारलं होतं म्हणे, दुखायचं थांबलं का? ही म्हणाली, दुखतं अजून, पण आता मी ते थांबायच्या भरवशावर बसत नाही. हे वाक्य मी शिकवलेलं नाही. पण पाया माझाच.

२६ मार्च, रविवार.
वार्षिक परीक्षा तोंडावर, पेपर काढायचेत. चालणं पुढे ढकललं. बूट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले, धूळ बसते.

६ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३.
मुलगी! दोघी सुखरूप. देवा, तुझी कृपा.
हॉस्पिटलात ही खुर्चीत टेकून बसली, दोन्ही कोपरांखाली उश्या घेतल्या आणि म्हणाली, आता द्या. नर्सने बाळ दिलं. मी श्वास रोखून उभा. सुटलं नाही. किती तरी वेळ ही तशीच धरून बसली होती, गालावरून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात सोडला नाही. मग मीच रुमालाने पुसलं.
पोर्शन पूर्ण. वेळेत.

७ एप्रिल, शुक्रवार.
दत्तोपंत पेढे घेऊन आले. विहीणबाईंचं फार कौतुक केलं. मी थोडक्यात माझी पद्धत समजावली. त्यांना उशीर होत होता.

१६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.
उद्या बारसं. आमचा सागवानी पाळणा माळ्यावर. महादू सुतार संध्याकाळी येऊन काढून देणार होता. मी म्हटलं, सुतार कशाला? वजन उचलण्याची एक शास्त्रीय पद्धत आहे. सुनीती, ही आणि हबीबाबी, तिघींना समोर उभं केलं आणि समजावून सांगत सांगत उचलला. पाठ ताठ, गुडघे वाकलेले, श्वास
आडवा पडून लिहितोय. वरचं वाक्य पुरं करत नाही. कट्ट असा आवाज आला, तो पाळण्याचा असावा असं वाटलं. पाळणा ठीक आहे.

१७ एप्रिल, सोमवार.
नातीचं नाव कमळ ठेवलं. मी आतल्या खोलीतून ऐकलं. घुगऱ्या ताटलीतून आत पाठवल्या. दत्तोपंत डोकावून म्हणाले, विहीणबाई धडधाकट आणि तुम्हीच आडवे? आणि हसले. नातेसंबंध लक्षात घेऊन गप्प बसलो.

१९ एप्रिल, बुधवार.
एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल.
कसं नॉर्मल? शिंकलो तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात! चप्पल घालता येत नाही. फोटो नीट निघाला नसेल, मशीन जुनं असेल. मी तिथेच स्पष्ट सांगितलं, तुमच्या कागदावर काय आलंय ते मला सांगू नका, माझं शरीर मला कळतं. दवाखान्यातले लोक बघायला लागले.
घरी आल्यावर सुनीती बाळाला थोपटत म्हणाली, बाबा, नॉर्मल म्हणजे नॉर्मल, त्यात दुखायचं काय? असं बोलायला ही पोरगी कुठे शिकली कोण जाणे. आजकालच्या मुलींना माया नाही.

२१ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ७.
लूमना सुट्टी. शांतता. कमळ दुपारपासून रडतेय, काही केल्या झोपत नाही. अंगाई झाली, घुटी झाली, गुणाबाईचं तेल झालं. शेवटी हिने पाळण्याशेजारी बसून पाटावर लाटणं आपटायला सुरुवात केली, खटखट, खटखट, एका लयीत. पोर झोपली. भिवंडीचीच आहे.
मग लाटणं सुनीतीच्या हाती देऊन ही माझ्या खोलीत आली. पलंगावर बसली. पुढच्या महिन्यात हॉस्पिटलला जाईन तेव्हा घरच्या माणसांच्या तासालाही बसून येते, म्हणाली, आता घरात दुखणाइतं माणूस आणखी एक झालंय. मी म्हटलं, त्या तासात काही नसतं. तिने विचारलं, कधी बसला होतात? मी विषय बदलला. पण बदलून तरी कुठे नेणार, सगळीकडे पाठच. मी म्हटलं, अगं, रिपोर्ट नॉर्मल असेल, पण दुखतंय. देवाशप्पथ दुखतंय. कोणी ऐकूनच घेत नाही.
ती म्हणाली, "हो. मला खरं वाटतं."
एवढंच म्हणाली. मग कुशीवर वळायला मदत केली आणि पाठीला बाम लावला. तिची बोटं दुखत असणार, मधे एकदा थांबली, हात झटकला, पुन्हा लावायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाम फार उग्र आहे. वास थेट डोळ्यांत जातो.
उद्यापासून व्यायाम. नियोजन तिने केलंय, मला विचारून नाही. आमच्या दारापासून हबीबाबींच्या ओट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. बूट नकोत, म्हणाली, वाकता येणार नाही, चप्पल घाला. शिट्टी मागून घेतली.
हबीबाबींनी विचारलं म्हणे, मास्तरांना झेपेल का तेवढं? ही म्हणाली, बघू, उद्या निम्म्यापर्यंतच नेते.